पहिलं वर्ष ओळखीचं

पोरी, पहिले बारा महिने काहीही विकत घेऊ नकोस.

तुझ्याजवळ आठ लाख साठलेत, अंबडच्या कंपनीतली नोकरी पक्की आहे आणि नाशकात एखादा फ्लॅट नाहीतर प्लॉट घेऊन ठेवावा असं तुझ्या मनात आहे. मनातलं चांगलंच आहे. पण पैसे तयार आहेत एवढं कळलं, की समोरचा तुझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघायला लागतो आणि गिऱ्हाइकाला कुणी शिकवत बसत नाही. ते आठ लाख मुदत ठेवीत टाक. कुणी विचारलं तर सांग, ‘अजून शिकतेय, घ्यायचं पुढच्या वर्षी बघू.’ असं म्हणणाऱ्याशी माणसं मोकळेपणानं बोलतात.

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, हे तुला माहीत आहे. घर तारण, जमीन तारण, दुकानाचा गाळा तारण, असल्या फायलींच्या ढिगात मी बसून असायचे. त्यात ज्यांचे पैसे अडकले, त्यांनी भाव जास्त दिला म्हणून अडकले असं फार कमी वेळा दिसलं. कुणाच्या बहिणीची सही राहिली होती, कुणाच्या प्लॉटवरून पूररेषा जात होती, कुणाच्या इमारतीला भोगवटा दाखलाच नव्हता. आणि ही गोष्ट त्या गल्लीतल्या चार जणांना आधीपासून ठाऊक असायची. घेणाऱ्यानं त्यांना विचारलं नव्हतं, कारण तो त्यांना ओळखतच नव्हता. म्हणून हे वर्ष त्या चार जणांना शोधण्यात घालव.

त्यासाठी आधी भाग ठरव, आणि लहान ठरव. अख्खं नाशिक कुणालाच कळत नाही. गंगापूर रोडचा भाव वेगळ्या कारणानं चढतो, आडगावचा वेगळ्या, देवळाली कॅम्पाजवळ तर लष्कराच्या हद्दीमुळे बांधकामाचे नियमच निराळे. तुझी कंपनी अंबडला, राहणं इंदिरानगरात. मग पाथर्डी फाटा, इंदिरानगर आणि सिडकोची अंबडकडची बाजू एवढाच तुकडा घे. संध्याकाळी कामावरून येताना स्कूटी वाकडी करून जाता येईल इतकं ते जवळ हवं. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांमुळे तिथं भाडेकरू कायम असतो, हीसुद्धा जमेची बाजू. उन्हाळ्यात टँकर कुठल्या इमारतीसमोर उभा राहतो, जुलैच्या पावसात कुठल्या पार्किंगमध्ये पाणी साचतं, रात्री नऊला कुठल्या गल्लीत दिवे नसतात, हे कुठल्याही कागदावर येत नाही. बारा महिन्यांचे सगळे ऋतू त्या भागात बघ.

एक वही कर. फोनमध्ये नको, वहीच. प्रत्येक इमारतीला एक पान दे. बांधली कधी, मजले किती, लिफ्ट आहे का, पाणी कुणाचं, पार्किंग नावावर आहे की तोंडी, चटई क्षेत्र किती आणि मालक मागतो किती, हे त्यात लिही. चटई क्षेत्रच लिही. जुन्या व्यवहारांत ‘सेलेबल’ नाहीतर ‘सुपर बिल्टअप’ धरून भाव सांगतात आणि एकाचा चौरस फूट दुसऱ्याच्या चौरस फुटाशी जुळत नाही. मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन ‘ई-शोध’मध्ये त्याच इमारतीचे झालेले दस्त काढ. ‘सूची क्रमांक २’, म्हणजे लोक ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात, त्यात व्यवहाराची रक्कम असते आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यानुसार येणारं मूल्यही असतं. मागणीचा आकडा आणि नोंदलेला आकडा शेजारी शेजारी लिहीत गेलीस, की दिवाळीपर्यंत त्या भागाचा खरा भाव तुला एजंटाइतकाच कळायला लागेल.

इथंच एक गोष्ट सांगून ठेवते. नोंदलेला आकडा कधी कधी कमी असतो, कारण उरलेला भाग रोखीनं दिलेला असतो. तुला कुणी ‘थोडे वरून द्या’ म्हटलं, तर उठून ये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेण्याला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा बसतो. उद्या तू विकायला काढलंस, तर ती रोख रक्कम तुझ्या खरेदीत कुठंच दिसणार नाही आणि कर तुझ्याच डोक्यावर बसेल.

आता माणसांकडे वळू. ओळखी वाढवायच्या म्हटलं की तुला बिल्डर, नगरसेवक, हॉटेलातले मोठे कार्यक्रम आठवतात. तिथं नवख्या मुलीच्या हातात व्हिजिटिंग कार्डं पडतात, बाकी काही नाही. मी सांगते ती माणसं तसल्या कार्यक्रमांना जात नाहीत.

पहिला माणूस मोजणीचा. सरकारी भूकरमापक भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात असतो. त्याच्याशी सलगी करायची गरज नाही, पण खासगी सर्वेअरशी कर. कुठल्या गटात कागदावर चाळीस गुंठे आणि जागेवर चौतीस, कुठल्या बांधावरून दोन पिढ्या भांडण चाललंय, हे त्याच्या डोक्यात असतं. एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर प्रत्यक्ष मोजणीला जा. उन्हात उभी राहून बघ, शेजारचा खातेदार कुठं हरकत घेतो, खुणा कशा करतात, मोजणीची ‘क’ प्रत कशी वाचायची. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर हे पाठ असणं वेगळं, आणि एक गुंठा जमीन डोळ्यांनी ओळखता येणं वेगळं. दुसरं जमलं पाहिजे.

दुसरा प्लंबर. हसू नकोस. नव्वदच्या दशकातल्या इमारतींत कुणाच्या बाथरूमचं पाणी कुणाच्या छतात उतरतंय, बोअर कुठल्या महिन्यात आटतं, टाकीला तडा कुठं आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. घरी नळ दुरुस्तीला येतो तेव्हा चहा दे आणि विचार. फ्लॅट बघायला जाताना त्याला बरोबर ने आणि त्याच्या वेळेचे पैसे रोखठोक दे. पाचशे रुपयांत त्याचा एक शब्द तुझे दोन लाख वाचवतो.

तिसरे सोसायटीचे सेक्रेटरी. बहुतेक निवृत्त गृहस्थ असतात, त्यांच्याशी बोलायला कुणी थांबत नाही आणि त्यांना सांगण्यासारखं खूप असतं. थकबाकी कुणाची, राखीव निधीत किती, जिना गळतो का, हे त्यांच्या रजिस्टरात असतं. त्यांना एक प्रश्न आवर्जून विचार, जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का? कित्येक जुन्या सोसायट्यांच्या खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच आहे. तसं असेल तर पुढं पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते. त्यावर मानीव अभिहस्तांतरणाचा रस्ता आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो, पण त्याला हलणारी माणसं लागतात. नाशकात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीही पुष्कळ आहेत. तिथं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नसतं, घोषणापत्र आणि प्रत्येकाचं अपार्टमेंट डीड असतं. समोरची इमारत यांपैकी कुठली, हे आधी विचारायचं. नाहीतर नसलेला कागद मागत बसशील.

भाडेकरार नोंदवून देणारी जी छोटी ई-नोंदणी केंद्रं आहेत, तिथला माणूस चौथा. अकरा महिन्यांचा करार, अंगठ्याचं यंत्र, दोन साक्षीदार, असं दिवसभर चालू असतं. मालक सांगतो ते भाडं आणि करारात येणारं भाडं यातला फरक त्याच्यासमोर रोज उलगडतो. बँकांच्या पॅनेलवरचे व्हॅल्युअर हेही असेच. मालक पंचेचाळीस मागतो तिथं बँक किती धरते, हे त्यांना विचारता येतं.

आणि बायका. तुझ्या आईच्या भिशीला महिन्यातून एकदा जाऊन बस. कुणाचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला, कुणी मुलीकडे अमेरिकेला कायमचं चाललंय, कुणाच्या घरात वाटणीचं निघालंय, हे एजंटाच्या कानावर जायच्या आधी भिशीत येतं. पण तिथं ऐकलेलं कुणाच्या अडचणीचा भाव पाडायला वापरलंस, तर दुसऱ्या महिन्यात त्याच बायका तुझ्यापुढं गप्प होतील. बरोबरच आहे त्यांचं.

ओळख एकतर्फी टिकत नाही. तुझ्याजवळ द्यायला काय आहे, तेही पाहा. तू एचआरमध्ये आहेस, दर महिन्याला नवीन इंजिनिअर, ट्रेनी मुलं-मुली येतात आणि खोली शोधत फिरतात. चांगला भाडेकरू सुचवणारी मुलगी ही सेक्रेटरीलाही हवी असते आणि एजंटालाही. सोसायटीचा हिशेब संगणकावर बसवून दे. जुन्या मंडळींना घरपट्टी ऑनलाइन भरून दे. दिवाळीत सर्वेअरच्या घरी फराळाचा डबा पाठव. आणि यांतल्या कुणाला फक्त काम असतानाच फोन करू नकोस.

एजंटांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तू त्यांना टाळायचं म्हणतेस. टाळू नकोस. तुझ्या भागात तीन एजंट धर आणि तिघांनाही सारखंच खरं सांग, बजेट एवढं, घ्यायचं तेव्हा, अमुक नको. नव्या प्रकल्पातलं घर विकायला एजंटाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नंबर विचारायला लाजू नकोस, महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्या परीक्षेचा अभ्यासक्रम तूही वाच. एजंट व्हायचं नसलं तरी कायदा एका जागी नीट मांडलेला मिळतो. दलाली आधी ठरव, मेसेजवर लिहून घे, आणि सौदा झाला की मागायच्या आत दे. त्यानं दाखवलेलं घर त्याला वगळून थेट मालकाकडून घ्यायचा मोह कितीही झाला, तरी करू नकोस. एक टक्का वाचेल, पण पाथर्डी फाट्यावर आठवड्यात तुझं नाव फिरेल आणि मग चांगली घरं तुला दाखवायला कुणी येणार नाही.

हॉटेलातल्या त्या ‘दोन दिवसांत रिअल इस्टेट शिका’ छाप शिबिरांना पैसे भरू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं काहीतरी विकायला काढतात. कधी पुढचा महागडा कोर्स, कधी शहरापासून चाळीस किलोमीटरवरचे प्लॉट.

खरं शिक्षण कपाटात आहे. दादाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटची फाईल काढ. करारनामा, सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा दाखला, घरपट्टीची पावती, वीजबिल, शेअर सर्टिफिकेट, सगळं पसरून बस आणि प्रत्येक कागदावर नाव, क्षेत्र, गट किंवा सर्व्हे नंबर जुळतो का ते बघ. कुठंतरी विसंगती सापडेलच, आणि ती दुरुस्त करायला कुठल्या कार्यालयात जावं लागतं हे शोधताना तू जेवढं शिकशील, तेवढं कुठलं शिबिर शिकवणार नाही. घरपट्टी नावावर आहे म्हणजे घर नावावर आहे असं समजणारी शिकलेली माणसं मी कितीतरी पाहिली. घरपट्टी कर भरणाऱ्याच्या नावानं येते, मालकी त्यानं सिद्ध होत नाही.

मग आपल्या सिन्नरच्या जमिनीचा सातबारा काढ. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. गाव नमुना सात वरती, बारा खाली. नाव आणि क्षेत्र लोक बघतात. तू ‘भोगवटादार वर्ग’ आणि ‘इतर हक्क’ आधी बघ. वर्ग एक असेल तर बरं. वर्ग दोन म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन, मग ती वतनाची असो, नवीन शर्तीची असो. इतर हक्कात कुळाचं नाव, विकास सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, भूसंपादनाचा शेरा, काहीही असू शकतं. त्यानंतर फेरफारांचे नंबर घेऊन एकेक फेरफार मागं मागं वाचत जा. नाशिक जिल्ह्याचे जुने अभिलेख स्कॅन झालेले आहेत, घरबसल्या बघता येतात. आजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात माझं, तुझ्या आत्याचं, नाव कसं लागलं, तेही तुला तिथं दिसेल.

ते नाव नीट बघ, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त व्यवहार तिथंच फसतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी तो हक्क जात नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तरी गावाकडं अजून ‘बहिणींचं काही नाही, त्या सही देतील’ असं सहज म्हटलं जातं. आमच्याकडे आलेल्या एका फायलीत चार भावांच्या सह्या होत्या, नाशिकरोडला दिलेल्या बहिणीची नव्हती. इसार देऊन झाला होता. ती बाई कोर्टात गेली, आणि योग्य तेच केलं तिनं. घेणारा मात्र मधल्या मधे अडकला. तू जमीन बघायला गेलीस तर घरात बहिणी किती, त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवलंय का, ते स्वखुशीनं का, हे विचार. आणि बहिणीला अंधारात ठेवून निघालेला स्वस्त सौदा तू घेऊ नयेस, असं मला तुझी आत्या म्हणून वाटतं. कायदा बाजूला ठेवला तरी वाटतं.

शेतजमिनीच्या वाटेला तू लगेच जाऊ नयेस. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगर शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्या घरात जमीन आहे, तरी तुझा शेतकरी असल्याचा पुरावा कसा उभा राहतो ते आधी तहसीलमधून समजून घे. आणि शहराच्या कडेला जे ‘एन.ए. प्रस्तावित’, ‘लवकरच कलेक्टर एन.ए.’ असे बोर्ड दिसतात, त्यांच्यापुढं स्कूटीसुद्धा थांबवू नकोस. तिथं गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकतात, कुणाला सामाईक हिस्सा लिहून देतात, कुणाला नुसतं कुलमुखत्यारपत्र. कुलमुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, हे २०११ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय. तुकडेबंदीच्या नियमांत मधूनमधून सवलती निघतात, त्यांचा दाखला देऊन ‘आता सगळं नियमित होतंय’ असंही सांगतील. तू तीन गोष्टी माग. बिनशेती (एन.ए.) आदेश, अंतिम मंजुरीचा ले-आऊट आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा. ‘टेंटेटिव्ह ले-आऊट’ दाखवला तर अंतिम झाल्यावर फोन करा म्हणायचं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर महारेराची नोंदणीही लागते.

नाशकात आणखी एक बघायचं म्हणजे पाणी. गोदावरी, नासर्डी, वालदेवी यांच्या काठचे प्लॉट मे महिन्यात फार सुंदर दिसतात. २००८ च्या सप्टेंबरचा पूर तू लहान होतीस म्हणून आठवत नसेल. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नगररचना विभागात विचार, झोन दाखला आणि भाग नकाशा काढ. शहराचा विकास आराखडा २०१७ साली मंजूर झालाय, रस्ता, शाळा, उद्यान, कशाचं आरक्षण कुठं पडलंय ते त्यात आहे. तपोवनाकडे साधुग्रामच्या आरक्षणातल्या जागा ‘स्वस्तात’ म्हणून दाखवतात. त्या का स्वस्त आहेत ते त्या नकाशात दिसतं.

सिंहस्थ जवळ आला की या शहरात घोषणांना ऊत येतो. मी अनेक सिंहस्थ पाहिले, दर वेळी ‘आता भाव दुप्पट होणार’ हे ऐकलं. रस्ते रुंद होतात, पूल होतात, शहराचं भलं होतं, ते खरंच आहे. पण घोषणेवर पैसे लावू नकोस. मेट्रो निओचं नाव २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आलं आणि त्या भरवशावर भाव सांगितले गेले. ती अजून धावलेली नाही. नाशिक-पुणे रेल्वेच्या आखणीत आपला सिन्नर तालुका होता, लोकांनी जमिनी धरून ठेवल्या, मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा नको म्हणून आखणी बदलायचं ठरलं. उलट समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. म्हणजे काही घडतं, काही राहतं. रस्ता वापरात आल्यानंतर घेतलंस तर भाव थोडा जास्त पडेल. पडू दे.

आता तुझ्या आठ लाखांचा हिशेब, कारण तू त्यात घाई करतेयस. समज पंचवीस लाखांचा जुना वन बीएचके आहे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण तू वीस लाखच घे. वरचे पाच तुझे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के, राहतं घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, म्हणजे सव्वा लाख. नोंदणी फी एक टक्का, पंचवीस हजार. दलाली, वकील, रंग, नळ, वायरिंग धरलं तर आणखी लाखभर सहज. साडेसात लाख गेले. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी वीस लाखांचा हप्ता महिना सतरा हजार साडेतीनशेच्या आसपास बसतो. भाडं साडेसात हजार मिळालं असं धर. वर्षाला नव्वद हजार. त्यातून एक महिना रिकामा जाणार, मेंटेनन्स, घरपट्टी, दुरुस्ती जाणार, हातात साठ हजार उरले तरी खूप. म्हणजे महिन्याला पाच हजार आले आणि बारा हजारांवर तुझ्या पगारातून गेले.

‘भाड्यातून हप्ता फिटतो’ असं तुला ज्यानं सांगितलं, त्याला हा कागद दाखव. भाडं आपल्याकडे किमतीच्या मानानं कमीच असतं. फायदा होतो तो नीट निवडलेलं घर बरीच वर्षं सांभाळल्यानं. म्हणून त्या वाढीव बारा हजारांचा भार नोकरीत खंड पडला तरी सहा महिने सोसता येईल, एवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय तू सही करू नकोस. आज तुझ्याकडे ती नाही. वर्षभरानं असेल, आणि तोवर वही भरलेली असेल.

बँकेच्या लिलावातल्या घरांबद्दल तू मला विचारलंस. आमच्याच धंद्यातली गोष्ट, सांगते. ती ‘जशी आहे तशी’ विकतात. जाहिरातीत ताबा प्रतीकात्मक की प्रत्यक्ष, एवढं बघ. प्रतीकात्मक असेल तर आत अजून कुणीतरी राहतंय. सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, पाणीपट्टी घेणाऱ्याच्या गळ्यात येऊ शकते. पहिल्या खरेदीला हे नको, तिसरीला बघ.

सिडकोच्या घरांचंही तसंच. मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली आहेत, नावावर करायला सिडकोचे नियम लागतात, आणि मूळ घरावर चढवलेले मजले बरेच ठिकाणी विनापरवाना आहेत. घर आवडलं तर सध्याचा नियम सिडकोच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचार. मालकाच्या तोंडून ऐकू नकोस.

वकील स्वतःचा ठेव. बिल्डरचा नको, एजंटानं सुचवलेला नको, बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, आणि हरकतीची मुदत संपल्याशिवाय इसार मोठा द्यायचा नाही. नवीन प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, कायदाच आहे तसा. पुनर्विक्रीच्या घरात मालकाचं कर्ज असेल, तर बँकेकडून मूळ दस्तांची यादी लेखी माग. ‘सगळे कागद बँकेत आहेत’ यावर थांबू नकोस, बँकेत काय काय आहे ते बघ. आणि भाडेकरू ठेवलास की करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुझी. ओळखीतला असला तरी नोंदव. ओळखीतला असेल तर आधी नोंदव.

या शनिवारी कंपनी सुटली की पाथर्डी फाट्यापासून सुरू कर. एकाच गल्लीतल्या पाच इमारती घे, वॉचमनला मालकांची नावं नको विचारूस, पाणी किती वाजता येतं ते विचार. रविवारी त्या पाचांचे ई-शोधमधले दस्त काढ, विक्रीचे एका पानावर आणि भाडेकरार दुसऱ्या पानावर. सोमवारी वही घेऊन माझ्याकडे जेवायला ये. आमच्या मागच्या इमारतीतल्या सेक्रेटरींना मी बोलावून ठेवते, त्यांना हिशेबाला कुणीतरी हवंच आहे.